१२८ आवाजांच्या यादीत संबळ नाही

अंबाजोगाई तालुक्यातल्या एका गावी लग्नानंतरच्या गोंधळाला बसण्याचा योग काही वर्षांपूर्वी आला. चौक भरला होता, दिवटी पेटली होती, संबळ आणि तुणतुणे घेऊन गोंधळी उभे होते. मांडवाच्या दुसऱ्या टोकाला मात्र दुसऱ्या दिवशीच्या कार्यक्रमासाठी आलेली ऑर्केस्ट्रा पार्टी आपले सामान लावत होती. तिच्यातला एक विशीतला मुलगा कीबोर्डला पेनड्राइव्ह लावून मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये डोके घालून बसला होता. काय चालले आहे असे विचारल्यावर मान वर न करता तो म्हणाला, "सर, संबळ टाकतोय." त्याच्यापासून दहा-पंधरा पावलांवर खरा संबळ कडाडत होता.

'टाकणे' हे मराठीतले मोठे विलक्षण क्रियापद आहे. चहात साखर टाकतात आणि जुने कपडेही टाकतात. आत घालणे आणि त्यागणे या दोन्ही क्रियांना आपण एकच शब्द वापरतो. वादकांच्या बोलीत 'टोन टाकणे' म्हणजे वाद्याचा आवाज संगणकावर घडवून यंत्राच्या स्मृतीत भरणे. पण त्या मांडवात बसल्या बसल्या या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच वेळी ऐकू आले. संबळ यंत्रात टाकला जात होता. तो हातातून टाकलाही जात होता का? प्रस्तुत लेख या प्रश्नाच्या निमित्ताने लिहिलेला आहे. त्याचे उत्तर शोधायचे तर सिंथेसायझरचे आवाज संगणकाने घडवण्याचा इतिहास पाहावा लागतो, आणि त्या इतिहासात आपण कोठे होतो हेही पाहावे लागते.

परकीय यंत्र घेऊन त्याला आपल्या कानाप्रमाणे वळवणे आपल्याला नवे नाही. पेटी युरोपातून आली. तिच्या पट्ट्यांतले स्वर कारखान्यात ठरलेले होते. दोन स्वरांच्या मधली जागा तिला ठाऊक नव्हती. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी गेल्या शतकाच्या दुसऱ्या दशकात श्रुती-हार्मोनियमचा घाट घातला तो याच अडचणीतून. अब्दुल करीम खाँसाहेबांसारखा गवई त्या खटाटोपात सामील झाला होता. प्रयोग लोकांत रुजला नाही. पुढे १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीवर बंदी घातली आणि ती सैल व्हायला १९७१ साल उजाडले. या सबंध काळात कीर्तनात, भजनात, नाटकात पेटी वाजतच राहिली. पंडितांची नापसंती आणि लोकांची निवड या दोन गोष्टी नेहमी एकमेकींना विचारून चालत नाहीत, एवढे या प्रकरणातून दिसते.

बेंजोची कथा तर अधिक बोधप्रद आहे. कोकणात आणि मुंबईत गणपती-लग्नाच्या मिरवणुकीत ज्याला 'बेंजो' म्हणतात ते कळांचे तंतुवाद्य म्हणजे जपानी ताइशोगोतोचा भारतीय अवतार. जपानमधील नागोया शहरात १९१२ च्या सुमारास मोरिता गोरो यांनी ते वाद्य तयार केले. आपल्याकडे ते बुलबुल तरंग झाले, बेंजो झाले, त्याला वीज जोडली गेली, आणि बेंजो पार्टी नावाची एक पूर्ण संस्था त्याच्याभोवती उभी राहिली. अमेरिकेतल्या कातडी तोंडाच्या बँजोशी त्याचा नावापलीकडे संबंध नाही. ही नावाची गफलत पुढे कामाला येणार आहे, म्हणून तिची नोंद येथे करून ठेवतो.

सिंथेसायझर या परंपरेतले तिसरे पाहुणे. पेटीत पट्टीमागे धातूची पत्ती असते, बेंजोत तार असते. सिंथेसायझरमध्ये आवाजाला शरीरच नसते. विजेच्या दोलनातून तो निर्माण होतो आणि त्याचे रूप काही घटकांवर ठरते: आवाज किती झटकन उमटतो, किती लवकर उतरतो, कळ दाबलेली असताना कोणत्या पातळीवर थांबतो, सोडल्यावर किती वेळ रेंगाळतो, त्यातले कोणते उंच स्वरांश गाळायचे आणि कोणते ठेवायचे. हे घटक बदलले की बासरीची घंटा होते आणि घंटेचा नगारा. भारतात असे यंत्र बरेच लवकर आले. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराच्या साहाय्याने मूग सिंथेसायझर बसवला गेला, आणि १९७२ पर्यंत गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा प्रभृतींनी त्यावर रचना केल्या. त्या ध्वनिफिती पुढे कित्येक दशके कपाटात पडून होत्या. २०२३ मध्ये त्यांतील निवडक रचना प्रथम प्रकाशित झाल्या. मुंबईत चित्रपटसंगीतात वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलँड कंपनीची तीन यंत्रे घेऊन दहा रागांची एक तबकडी केली. तिला त्या वेळी फारसे कोणी विचारले नाही. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली तेव्हा जगाने कान टवकारले.

अहमदाबाद असो की मुंबई, यंत्र मूठभरांपाशी होते आणि त्याचे आवाज हातानेच, बटणे फिरवून, घडवले जात. ही स्थिती १९८३ मध्ये पालटली. त्या वर्षी दोन गोष्टी घडल्या. पहिली, यामाहा कंपनीचा डीएक्स-७ बाजारात आला. जॉन चाउनिंग यांनी १९६७ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात शोधलेल्या एका पद्धतीवर तो आधारलेला होता. एका दोलनाने दुसऱ्या दोलनाची वारंवारता हलवायची आणि त्यातून गुंतागुंतीचे स्वरांश मिळवायचे, ही ती पद्धत. दुसरी, निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांना आणि संगणकांना परस्परांशी बोलता यावे म्हणून 'मिडी' नावाची एक समान भाषा मान्य झाली. रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी आणि अमेरिकन अभियंता डेव्ह स्मिथ यांचा त्यात पुढाकार होता. प्रतिस्पर्धी कंपन्यांनी एक भाषा स्वीकारावी आणि तिचे शुल्क कोणाकडून घेऊ नये, ही व्यापाराच्या इतिहासातली दुर्मीळ गोष्ट म्हणावी लागेल.

डीएक्स-७ च्या प्रत्येक आवाजामागे १५५ घटक होते. ते बदलण्यासाठी यंत्रावर जी खिडकी होती ती दोन ओळींची, प्रत्येक ओळीत १६ अक्षरांची. एका वेळी एकच घटक दिसे. आपल्या वाचकांना कळेल अशा भाषेत सांगायचे तर, अख्खी ज्ञानेश्वरी दाराच्या फटीतून एकेक शब्द पाहून तपासण्यासारखे ते काम होते. बहुसंख्य वादकांनी त्याचा नाद सोडला आणि कारखान्याने भरून दिलेले आवाजच वाजवले. ही कोंडी संगणकाने फोडली. घरगुती संगणक तेव्हा नुकते रांगत होते. १९८५ मध्ये आलेल्या अटारी एसटी या संगणकाला तर मिडीची जोडणी जन्मतःच होती. त्याच्या पडद्यावर आवाजाचे सगळे घटक एकदम मांडून दाखवणारी, त्यांचे आलेख काढणारी सॉफ्टवेअर निघाली. त्यांचे दोन प्रकार होते आणि त्यांची नावे आपल्या क्षेत्रातल्या माणसाला सुखावणारी आहेत: आवाज बदलणाऱ्याला 'एडिटर' म्हणत आणि आवाजांचे संच जपून, वर्गवारी लावून ठेवणाऱ्याला 'लायब्रेरियन'. संपादक आणि ग्रंथपाल!

हा सगळा व्यवहार ज्या संदेशातून चालतो त्याची रचनाही पाहण्यासारखी आहे. आवाजाची माहिती वाहणारा मिडी संदेश एका ठरावीक चिन्हाने सुरू होतो आणि दुसऱ्या ठरावीक चिन्हाने संपतो. जुन्या पोथीला जसे आरंभी नमन आणि अखेरीस 'इति' असते, तसेच हे. आरंभचिन्हानंतर लगेच कंपनीचा क्रमांक येतो: रोलँडचा ६५, यामाहाचा ६७, कॅसिओचा ६८. आपला क्रमांक नसलेला संदेश यंत्र ऐकतही नाही. डीएक्स-७ च्या ३२ आवाजांचा पूर्ण संच ४,१०४ बाइटांत मावे. मिडीच्या तारेतून सेकंदाला ३,१२५ बाइट जातात. म्हणजे जो संच घडवायला महिने लागले असतील तो सुमारे १.३ सेकंदात एका यंत्रातून दुसऱ्यात जाई. लिहायला महिने आणि नक्कल करायला क्षण, हे प्रमाण छापखान्यानेही पाहिले नव्हते.

या यंत्रांच्या स्मृतीला एक छोटी बॅटरी तोलून धरत असे. ती संपली की मालकाने घडवलेले आवाज पुसले जात आणि यंत्र कोरे होई. म्हणून संगणकावरची प्रत ही चैन नव्हती. वाद्याचा आत्मा वाद्याबाहेर ठेवण्याची ती सोय होती. राक्षसाचा प्राण पिंजऱ्यातल्या पोपटात असलेल्या आपल्या कहाण्यांची येथे आठवण व्हावी.

आता १९९१ सालाकडे येतो. माझ्या मते या इतिहासातले आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचे साल हेच. तोवर प्रत्येक कंपनीच्या यंत्रात आवाजांचा क्रम वेगळा असे. एका यंत्रावर पियानोसाठी बसवलेले गीत दुसऱ्यावर तुतारीत वाजे. हा गोंधळ मिटवण्यासाठी अमेरिकन आणि जपानी उत्पादकांच्या संघटनांनी 'जनरल मिडी' ही यादी ठरवली: १२८ आवाज, प्रत्येकाचा क्रमांक कायम, शिवाय तालवाद्यांच्या ४७ आघातांचा स्वतंत्र नकाशा. जगातल्या बहुतेक कीबोर्डांनी, संगणकांनी आणि पुढे मोबाइलच्या घंटांनीही हीच यादी उचलली. या यादीत १०५ ते ११२ हे आठ क्रमांक 'एथ्निक' नावाच्या कप्प्याला दिले आहेत: सतार, बँजो, शामिसेन, कोतो, कलिंबा, बॅगपाइप, फिडल आणि शहनाई. म्हणजे १२८ पैकी दोन आवाज आपले, पहिला आणि शेवटचा. बँजो आहे तो अमेरिकेचा. आपल्या मुलाने 'बेंजो' समजून १०६ क्रमांक दाबला तर निघणारा आवाज त्याने कधी मिरवणुकीत ऐकलेला नसतो. आणि तालवाद्ये? क्यूबाचे बोंगो-कोंगा आहेत, ब्राझीलचा कुइका आहे, जपानचा ताइको आहे, शिट्ट्यासुद्धा आहेत. तबला नाही. ढोलकी नाही. हलगी नाही. संबळ नाही.

यात कोणाचा कट होता असे म्हणण्याचे कारण नाही. टेबलाभोवती जे बसले होते त्यांनी आपल्या कानांतली वाद्ये लिहिली. आपण टेबलाशी नव्हतो. पण यादी एकदा ठरली की तिचा अधिकार शास्त्राचा होतो. गोंधळाच्या आरंभी गोंधळी देवदेवतांना गावांच्या नावांसह बोलावतो, तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, अंबाजोगाई, जेजुरी, आणि कुणी राहून जाऊ नये म्हणून अखेरीस यजमानाच्या घरच्या दैवतांनाही हाक घालतो. ती यादी प्रत्येक अंगणात नव्याने वाढते. १२८ ची यादी वाढत नव्हती. पुढे कंपन्यांनी आपापल्या विस्तारित याद्या काढल्या, त्यांत थोडी भर पडली. तरी मूळ चौकट तीच राहिली.

ती चौकट ओलांडण्याची वाट नमुनेकरणातून निघाली. खऱ्या वाद्याचा एक आघात ध्वनिमुद्रित करायचा, त्याचे आकड्यांत रूपांतर करायचे आणि कळ दाबली की तोच आघात वाजवायचा, ही कल्पना म्हणून सोपी गोष्ट. पण तिला स्मृती लागते. सीडीच्या दर्जाचा एका सेकंदाचा आवाज सुमारे ८८ किलोबाइट जागा घेतो. १९८८ मध्ये आलेल्या कॉर्ग एम-१ या गाजलेल्या सिंथेसायझरमध्ये सगळ्या वाद्यांचे मिळून ४ मेगाबाइट नमुने होते आणि तेही कारखान्यात कायमचे कोरलेले. १९९४ मध्ये क्रिएटिव्ह कंपनीचे साउंड ब्लास्टर एडब्ल्यूई-३२ हे कार्ड आले. साध्या घरगुती संगणकात बसणाऱ्या या कार्डाला वापरणाऱ्याने स्वतःचे आवाज भरावेत यासाठी ५१२ किलोबाइट मोकळी जागा होती. म्हणजे जेमतेम सहा सेकंद. मात्र ती २८ मेगाबाइटपर्यंत वाढवता येई. अशा आवाजांच्या संचासाठी 'साउंडफाँट' हा शब्द रूढ झाला. अक्षरांना जसा टंक, तसा आवाजाला टंक. मराठी माणसाला ही उपमा समजावून सांगायला नको; रोमन अक्षरांसाठी घडलेल्या यंत्रावर देवनागरी उमटवताना आपण ज्या हालांतून गेलो, तेच हाल येथे ढोलकीच्या वाट्याला आले होते.

संबळ टाकायचा म्हणजे नेमके काय करायचे? संबळ ही दोन लहान नगाऱ्यांची जोडी. एकाचा आवाज टणक आणि उंच, दुसऱ्याचा भरदार. आधी शांत जागी प्रत्येकावरचे निरनिराळे आघात मुद्रित करायचे: हलका, मध्यम, जोराचा, कडेवरचा, मधला. मग ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक आघाताच्या आधीची शांतता छाटायची. ही छाटणी काटेकोर नसेल तर कळ दाबल्यावर आवाज किंचित उशिरा येतो आणि ताल लंगडतो. नंतर पॉलिफोनसारख्या संपादकात हे तुकडे कळांवर वाटायचे, जोराच्या पायऱ्या ठरवायच्या. मिडीत जोर १ ते १२७ या अंकांत मोजतात. त्यातल्या कोणत्या अंकापर्यंत हलका आघात आणि कोठून पुढे जोराचा, हे कानानेच ठरते. ढोलकीच्या डाव्या तोंडावर तळव्याच्या दाबाने निघणारा घुमारा हवा असेल तर आवाजाची उंची पापणी लवेपर्यंत कशी वळेल याची रेषा आखावी लागते. शेवटी नाव द्यायचे, संच जतन करायचा आणि यंत्राला समजेल त्या रूपात पेनड्राइव्हवर न्यायचा. हे काम निरक्षर कानाचे नाही. बीडच्या किंवा परळीच्या गल्लीत बसून जो मुलगा हे शिकला त्याला इंग्रजी पुस्तिका नीट वाचता येत नसेल, पण आघात आणि त्याचा अनुनाद यांच्यातला फरक तो हजारांशांत मोजतो. त्याला तंत्रज्ञ म्हणावे की वादक, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

अशा मुलांची मागणी पाहूनच कंपन्यांना जाग आली असे मानायला जागा आहे. यामाहाने भारतासाठी पीएसआर-आय मालिकेचे कीबोर्ड काढले, त्यांत भारतीय वाद्ये, ठेके आणि रियाजासाठी तबला-तंबोऱ्याची सोय घातली. रोलँडच्या एक्सपीएस-१० मध्ये बाहेरचे ध्वनिनमुने पेनड्राइव्हवरून आत घेण्याची व्यवस्था आली आणि आपल्याकडच्या पार्ट्यांत तो कीबोर्ड घरोघरचा झाला. १९८५ मध्ये निघालेल्या पहिल्या ऑक्टोपॅडमध्ये स्वतःचा एकही आवाज नव्हता. तो केवळ आघात मोजून दुसऱ्या यंत्राला कळवी. २०१० च्या एसपीडी-३० पर्यंत त्यात शेकडो आवाज आले आणि आपण जुळवलेले संच पेनड्राइव्हवर काढून ठेवण्याची सोय आली. दुकानात 'टोनसकट' यंत्र विकले जाऊ लागले. यादी बाहेरून फुटली, ती अशी.

तरीही त्या मांडवातला प्रश्न उरतोच. संबळाचा आघात यंत्रात आला; गोंधळी आला का? बीड जिल्ह्यातील असंख्य कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. लग्ने, जत्रा, जागरण-गोंधळ हे सारे त्या परतीभोवती दाटते. वाजवणाऱ्याचा हंगाम तेवढाच. त्या हंगामात चार वादकांच्या जागी एक कीबोर्ड आणि एक ऑक्टोपॅड आला, तर उरलेल्या तिघांनी काय करायचे याचे उत्तर कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये नाही.

पण हीच गोष्ट दुसऱ्या बाजूनेही पाहायला हवी, नाहीतर आपले दुःख केवळ सोयीचे ठरेल. हलगी आपल्याकडे परंपरेने मातंग समाजाच्या वाट्याला आलेली. तिचा नाद साऱ्या गावाला हवा असे आणि ती वाजवणारा मात्र वेशीबाहेर उभा राही. हलगी तापवून, कातडे ताणून, मिरवणुकीपुढे चालणाऱ्या त्या हातांना मान नव्हता. हक्क म्हणून मिळे ते बलुते. ज्या घरातल्या मुलाने हलगी नाकारली आणि शाळा धरली त्याला परंपरा मोडल्याचा दोष देण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणालाही नाही. ऑक्टोपॅडसमोर उभ्या राहिलेल्या मुलाची जात त्याच्या वाद्यावरून ओळखता येत नाही. यंत्राने वाद्य आणि जात यांची गाठ सोडवली, हे यंत्राचे मोठे देणे मानले पाहिजे. अडचण एवढीच की गाठ सोडवताना धागाही निसटला. आता हलगीचा नाद सर्वांचा झाला. ज्यांनी तो शतकानुशतके सांभाळला त्यांचे नाव कोठेच उरले नाही.

येथे मला आमच्या अंबाजोगाईचेच उदाहरण आठवते. दासोपंतांची पासोडी या गावात आहे. लांबच लांब कापडावर लिहिलेले ते 'पंचीकरण' आजही पाहणाऱ्याला थक्क करते. चारशे वर्षांहून अधिक काळ लोटला तरी ती कोणाची, हे आपल्याला ठाऊक आहे. ते कसे? वस्तू एका घरात, एका परंपरेत जपली गेली म्हणून. ज्या रचना अशा जपल्या गेल्या नाहीत, गावोगाव नकलल्या गेल्या, तोंडोतोंडी फिरल्या, त्यांच्यासाठी संतांनी दुसरी युक्ती योजली. नामदेवांनी, जनाबाईंनी, तुकोबांनी आपले नाव रचनेच्या शेवटच्या चरणातच विणले. लहियाने नक्कल केली, गवयाने चाल बदलली, तरी नाव रचनेबरोबर गेले. नाममुद्रेत अहंकार पाहणाऱ्यांनी नकलांच्या जगात तिचे व्यावहारिक मोलही पाहावे. अर्थात प्रक्षेप झाले, दुसऱ्याच्या ओळींवर मोठ्या नावाची मुद्रा बसली, हेही खरे. त्यांची छाननी करण्यात आपल्या पाठचिकित्सकांची आयुष्ये गेली. पण छाननी करण्याजोगे काही उरले, ते मुद्रेमुळेच.

संगणकातल्या आवाजालाही अशी मुद्रा देता येते, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. साउंडफाँटच्या फाइलमध्ये आवाजाच्या आकड्यांबरोबर माहितीचा एक स्वतंत्र विभाग असतो. त्यात संचाचे नाव, घडवणाऱ्याचे नाव, तारीख, हक्क आणि टिपण यांसाठी जागा राखलेल्या आहेत. साध्या वेव्ह फाइलमध्येही कलावंत आणि टिपण यांचे रकाने घालता येतात. म्हणजे ज्यांनी ही रूपे आखली त्यांनी पोथीची पुष्पिका विसरली नव्हती. आपण ती कोरी ठेवतो. मित्राकडून मित्राकडे, मेमरी कार्डावरून मोबाइलवर फिरणाऱ्या संचांत दिसते ते एवढेच: 'संबळ १', 'संबळ २', 'हलगी नवीन'. कोणाचा संबळ? कोणत्या गावचा? कोणत्या हाताचा? प्रतिलेखकाने पुष्पिका लिहिली नाही तर पोथी अनाथ होते. येथे तर अनाथ पोथ्यांची बाजारपेठ उभी राहिली आहे.

कायद्याने यात काही होईल का? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याचा हक्क मान्य झाला. एका संबळवादकाच्या पाच-दहा ठोक्यांना तो किती लागू पडेल, हा वकिलांचा विषय. मला त्याहून साधी आणि आपल्या हातातली गोष्ट सुचते. आपल्या महाविद्यालयांतले मराठी आणि संगीत विभाग लोकसाहित्याचे संकलन करतात; विद्यार्थी ओव्या, गाणी, कहाण्या लिहून आणतात, आणि त्यांना आपण सांगतो की सांगणाऱ्याचे नाव, वय, गाव, तारीख लिहिल्याशिवाय नोंद पूर्ण होत नाही. हाच नियम आवाजाला लावावा. जिल्ह्यातल्या संबळ, हलगी, तुणतुणे, दिमडी वाजवणाऱ्यांना रीतसर मानधन देऊन त्यांचे आघात नीट मुद्रित करावेत, त्यांच्या संमतीने त्यांचे नाव आणि गाव फाइलच्या आतच लिहावे, आणि मग तो संच टोन टाकणाऱ्या मुलांना मोकळा द्यावा. मुलांना चांगला आवाज मिळेल, वादकाला नाव आणि चार पैसे मिळतील, आणि पन्नास वर्षांनी कोणी विचारले तर पुरावा हाती असेल. यासाठी लागणारी सॉफ्टवेअर मोफत आहेत. लागतो तो एक बरा मायक्रोफोन, एक शांत खोली आणि वादकाच्या दारी जाऊन बसण्याची तयारी.

त्या रात्री गोंधळ संपत आला तेव्हा ऑर्केस्ट्रातला तो मुलगा लॅपटॉप मिटून मोबाइल हातात घेऊन गोंधळ्यांच्या जवळ गेला. "काका, फक्त उजव्या हाताचं एकदा वाजवता का?" असे त्याने विचारले. म्हाताऱ्या गोंधळ्याने त्याच्याकडे क्षणभर पाहिले, मोबाइलकडे पाहिले, आणि दोन-चार ठोके मोजून दिले. मुलाने ते टिपले, वाकून पाया पडला आणि परत आपल्या जागेवर जाऊन बसला. त्या फाइलला त्याने काय नाव दिले ते मी विचारले नाही. विचारायला हवे होते.